गाडी लागते म्हणजे नेमके काय लागते?

उलटीची तीव्र भीती हा मानसशास्त्राने वेगळा ओळखलेला विकार आहे. इंग्रजीतून आलेले त्याचे नाव एमेटोफोबिया. मराठीत त्याला रूढ शब्द नाही, म्हणून येथे सोयीसाठी ‘उलटीभय’ म्हटले आहे. उलटी कुणालाच आवडत नाही. तेव्हा नावड आणि भय यांच्यातली रेघ आधी ओढायला हवी. नुसती नावड असलेला माणूस उलटी झाली की वैतागतो, चूळ भरतो, थोडा वेळ आडवा होतो आणि दुसऱ्या दिवशी विसरतो. उलटीभय असलेल्याला कधी कधी वर्षानुवर्षे उलटी झालेली नसते, तरी त्याचा सगळा दिवस तिच्याभोवती फिरतो. काय खायचे, कुणाच्या हातचे खायचे, गाडीत कुठे बसायचे, लग्नाच्या पंगतीतून कोणत्या निमित्ताने उठायचे, ताप आलेल्या भाच्याला पाहायला जायचे की नाही, हे सारे उलटीला विचारून ठरते. कुणाला स्वतः ओकण्याचे भय असते, कुणाला दुसऱ्याला ओकताना पाहण्याचे, पुष्कळांना दोन्हींचे.

अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेत, म्हणजे डीएसएम-५ मध्ये, हा विकार ‘विशिष्ट भयां’च्या गटात येतो. भय प्रत्यक्ष धोक्याच्या मानाने अवाजवी असावे, सहा महिने वा अधिक टिकलेले असावे आणि त्याने जगणे अडवलेले असावे, असे निकष आहेत. सुरुवात बहुधा शाळकरी वयात होते; रुग्णांत स्त्रियांचे प्रमाण बरेच जास्त असते. नेदरलँड्समधल्या २०१२ च्या एका पाहणीत सुमारे ८.८ टक्के लोकांनी आपल्याला उलटीची भीती वाटते असे सांगितले. त्यातल्या प्रत्येकाला विकार म्हणता येत नाही. कडक निकष लावले की आकडा खूप खाली येतो. पण उरतात ते खरेच अडकलेले असतात, आणि वर्षानुवर्षे अडकलेले असतात.

बीड जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, आष्टी तालुक्यात असलेले कडा हे गाव डोळ्यांपुढे आणले की हे भय कुठे दडते ते कळते. कड्याला बीड लांब आणि नगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, जवळ. मोठा दवाखाना, मोठी खरेदी, नोकरीची मुलाखत, सगळ्याला नगरची गाडी धरावी लागते. गावात अमोलक जैन विद्या प्रसारक मंडळाचे कला, विज्ञान आणि वाणिज्य महाविद्यालय असल्याने पदवीपर्यंतचे शिक्षण गाव न सोडता होते. ही सोय चांगलीच. पण एखाद्या मुलीला उलटीभय असेल तर ते विशीपर्यंत झाकून ठेवायलाही तीच सोय कामी येते. ती मावशीच्या गावी का जात नाही, सहलीला नाव का देत नाही, याला घरात एक उत्तर ठरलेले असते: ‘तिला गाडी लागते.’ हे ऐकल्यावर कुणी पुढचा प्रश्न विचारत नाही. आक्षेप घ्यायचा तो येथूनच.

गाडी लागणे ही खरी शारीरिक गोष्ट आहे. आतल्या कानातली समतोल राखणारी यंत्रणा मेंदूला सांगते की शरीर हलते आहे. डोळे समोरच्या सीटच्या पाठीवर किंवा मोबाइलवर खिळलेले असतात आणि सांगतात की काही हलत नाही. या दोन साक्षी जुळत नाहीत तेव्हा मळमळ सुरू होते. म्हणूनच वळणावळणाच्या रस्त्यात ती वाढते, दूर क्षितिजाकडे पाहिले की कमी होते आणि खाली उतरून मोकळ्या हवेत उभे राहिले की थोड्या वेळाने ओसरते. गाडी चालवणाऱ्याला ती क्वचितच लागते, कारण पुढचे वळण त्याला आधीच ठाऊक असते.

उलटीभयाची वागणूक अगदी वेगळी. त्याची मळमळ प्रवासाच्या आदल्या रात्री सुरू होते, गाडी अजून आगारातही लागलेली नसते तेव्हा. ती पंगतीत येते, परीक्षेच्या हॉलमध्ये येते, शेजारच्या घरातल्या पोराला जुलाब लागल्याचे ऐकून येते. स्वतःच्या अंगणात, पाय जमिनीवर टेकलेले असताना कुणाला गाडी लागत नाही. इतका साधा फरक तपासायचे कष्ट न घेता पिढ्यानपिढ्या मुलींच्या हातात अ‍ॅव्होमिनची गोळी ठेवली जाते. त्या गोळीतले प्रोमेथाझिन कानाकडून येणाऱ्या संदेशांचा परिणाम दाबते, शिवाय झोप आणते. गाडी लागणाऱ्याला तिचा उपयोग होतो. उलटीभयात ती फक्त गुंगी आणते आणि पर्समधला ताईत होऊन बसते. रोग हल्याला आणि इंजेक्शन पखालीला, असे मराठवाड्यात म्हणतात ते येथे अक्षरशः खरे ठरते.

‘पित्त आहे’ हे दुसरे ठरलेले उत्तर. त्याचाही समाचार लवकर घेता येतो. भीती वाटली की शरीर पळण्याच्या किंवा झुंजण्याच्या तयारीला लागते. रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळते, जठराचे काम मंदावते, अन्न पुढे सरकायला वेळ लागतो, तोंडाला कोरड पडते, घसा आवळल्यासारखा होतो. या सगळ्याची एकत्र जाणीव म्हणजे पोटात ढवळणे. ही मळमळ कल्पनेतली नसते, पण तिचे कारण जठरात नसते. उलटीची भीती वाटते म्हणून मळमळते. मळमळते म्हणून उलटी होणार असे वाटते. म्हणून भीती आणखी वाढते. पोटावर सतत कान लावून बसलेल्या माणसाला पोट काही ना काही ऐकवतेच. इतरांच्या पोटातही दिवसभर गुरगुर होते. ते ऐकायला बसत नाहीत, एवढेच.

उलटी स्वतः कशी होते हे माहीत नसल्यानेही भय पोसले जाते. मेंदूच्या तळाशी, चौथ्या पोकळीच्या काठावर, एरिया पोस्ट्रेमा नावाचा छोटा भाग आहे. रक्तातले विषारी घटक इतर मेंदूपर्यंत सहजी पोहोचत नाहीत. या भागाला मात्र तशी भिंत नाही, म्हणून तो रक्ताची जणू चव घेत असतो. आतड्याकडून व्हेगस मज्जातंतूमार्फत येणाऱ्या खबराही जवळपासच पोहोचतात. आज्ञा सुटली की आधी तोंडाला पाणी सुटते, म्हणजे आम्लाने दातांची झीज कमी व्हावी. मग खोल श्वास, श्वासनलिकेचे दार बंद, टाळू वर, आणि पोटाचे स्नायू व श्वासपटल यांचा जोरकस दाब. जठर या कामात जवळजवळ निमूट असते. ‘श्वास अडकेल, गुदमरून जाईन’ ही उलटीभयातली नेहमीची धास्ती. पण जाग्या, शुद्धीवर असलेल्या माणसात श्वासनलिकेचे दार त्या क्षणी बंद होते ते फुप्फुसांच्या रक्षणासाठीच. ‘एकदा सुरू झाली की थांबणारच नाही’ हेही तसेच. उबळ काही सेकंदांची असते. घाण वाटते, अंग गळून जाते, हे खरे. पण ही शरीराने स्वतःची केलेली राखण आहे. उंदरांना ती मिळालेली नाही, ते ओकू शकत नाहीत. उंदीर मारायची औषधे त्यांच्यावर इतकी चालतात त्याचे हेही एक कारण.

यावर एक वजनदार प्रतिवाद येतो, आणि तो थट्टेवारी नेण्यासारखा नाही. उलटीला भिणे हे शहाणपणच होते, असे जुनी माणसे म्हणतात. पटकी, म्हणजे कॉलरा, गावात आली की जुलाब आणि ओकाऱ्या लागत आणि सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी स्मशानात पोहोचे. महाराष्ट्रात गावोगावी शिवेवर मरीआईचे ठाणे आहे ते या आठवणीचे. तिचा गाडा ओढून दुसऱ्या गावाच्या हद्दीपर्यंत नेऊन सोडत, म्हणजे आपली पटकी शेजाऱ्याच्या दारात. वारीच्या वाटेवर पटकी पसरे म्हणून इंग्रज सरकारला यात्रांवर निर्बंध आणावे लागले. ज्या समाजाने हे भोगले तो ओकारीचा आवाज ऐकून दचकला तर त्याला वेड कसे म्हणायचे?

म्हणू नयेच. पण हा दाखला उलटीभयाच्या बाजूने उभा राहत नाही. पटकीत माणसे उलटीने मरत नव्हती, शरीरातले पाणी आणि क्षार निघून गेल्याने मरत होती. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाईन संपल्यावर मीठ, साखर आणि सोडा घातलेले पाणी पाजायला लावले, तेव्हा मृत्यूचे प्रमाण तीस टक्क्यांच्या घरातून चार टक्क्यांच्या खाली आले. उलट्या चालू असतानाही चमचा चमचा पाजले तर ते पाणी टिकते, हा त्यातला मोठा धडा. आज जलसंजीवनीची पुडी आरोग्य केंद्रात मिळते. भय मात्र पुडीच्या आधीच्या काळात राहिले आहे. शिवाय उलटीभय असलेला माणूस निर्जलीकरणाला भीत नाही. तहान, लघवी, जीभ यांची तो चौकशीही करत नाही. त्याला भय असते ते त्या कृतीचे, अगदी एकदाच होऊन पोट हलके करणाऱ्या निरुपद्रवी उलटीचेही.

विषबाधेचा दाखला ताजा आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात लोणार तालुक्यातल्या सोमठाणा येथे एकादशीच्या प्रसादानंतर शेकडो भाविकांना उलट्या-जुलाब झाले आणि खाटा अपुऱ्या पडल्याने दोऱ्यांना सलाईनच्या बाटल्या टांगून उघड्यावर उपचार करावे लागले. ओलसर जागी साठवलेल्या भगरीवर बुरशी धरते आणि उपवासाच्या दिवसांत अशा बातम्या पुन्हा पुन्हा येतात. त्यावर भगर निवडून, धुऊन, कोरडी साठवावी, जुने पीठ वापरू नये, ही काळजी शहाणपणाची. ती घेऊन माणूस जेवतो आणि विषय संपतो. उलटीभयात ती संपत नाही. भगरीपाठोपाठ साबुदाणा जातो, मग दही, मग बाहेरचे पाणी, मग बहिणीच्या घरचे जेवण. शेवटी वरणभात आणि बिस्किटे उरतात आणि वजन उतरू लागते. साप म्हणून भुई धोपटण्याला काळजी म्हणता येत नाही.

‘नाटक आहे, लाडावली आहे’ या आरोपावर फार शाई घालवण्याचे कारण नाही. नाटक करणाऱ्याला त्यातून काही मिळावे लागते. येथे मिळते काय? सहल बुडते, नोकरी हुकते, आवडीचे पदार्थ सुटतात, आणि हे सारे लपवण्यातच निम्मी शक्ती जाते. ‘हे शहरी, पाश्चात्त्य खूळ’ या आक्षेपाला मात्र उत्तर द्यायला हवे, कारण तो शिकलेल्या माणसांकडून येतो. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात छर्दीचे, म्हणजे उलटीचे, पाच प्रकार सांगितले आहेत. त्यातला पाचवा किळसवाण्या, नकोशा गोष्टी पाहण्या-हुंगण्या-खाण्याने मन बिघडून होणारा. आणि त्यावर उपाय म्हणून मनाला रुचेल असे बोलणे, धीर देणे, प्रसन्न करणे सांगितले आहे. चरकाने उलटीभयाचे वर्णन केले, असा दावा येथे नाही. त्याने वर्णिली आहे ती मनातून येणारी उलटी. पण मन आणि पोट यांचा असा व्यवहार चालतो, ही बातमी विलायतेहून आलेली नाही, एवढे त्यातून ठरते. अंगात आले, बाहेरची बाधा झाली, करणी केली, असे म्हणून भगताकडे नेणारे लोकही एक प्रकारे मनाचाच भाग मान्य करतात. फक्त त्याचा दोष शेजारणीवर टाकतात.

खरा कठीण प्रतिपक्ष या सर्वांपेक्षा मवाळ आहे. तो थट्टा करत नाही, मारत नाही, भगताकडे नेत नाही. तो म्हणतो: होते ना तिला त्रास, मग सांभाळून घ्यावे. खिडकीची जागा द्यावी, हातात लिंबू द्यावे, ओवा आणि आवळासुपारी बरोबर ठेवावी, निघताना काही खायला लावू नये, पिशवी जवळ असू द्यावी. यात बिघडते काय?

सगळे यातच बिघडते.

भीती वाटली, टाळले, आणि लगेच बरे वाटले: या तीन पायऱ्यांत भयाची सगळी वाढ होते. टाळल्यावर मिळणारा सुटकेचा क्षण हे बक्षीस असते, आणि ज्याला बक्षीस मिळते ते वागणे पक्के होते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ओ. एच. मावरर यांनी १९४० च्या दशकातच ही मांडणी केली होती. लिंबू घेऊन नगरला गेलेली मुलगी न ओकता परत येते तेव्हा तिच्या मनात नोंद कोणती होते? ‘गाडीत काही होत नाही’ अशी होत नाही. ‘लिंबू होते म्हणून वाचले’ अशी होते. दहा वेळा जाऊन दहा वेळा न ओकता आली तरी गाडीच्या खात्यावर एकही पैसा जमा होत नाही. सारे श्रेय लिंबाच्या खात्यावर जाते. मग एक दिवस लिंबू घरी विसरते आणि ती पुढच्याच थांब्यावर उतरते. लिंबू हुंगण्यात वाईट काही नाही. ज्याला खरेच गाडी लागते त्याने खुशाल हुंगावे. हरकत आहे ती लिंबाकडे चावी जाण्याला.

रिकाम्या पोटाची युक्ती तर उलटी पडते. तासन्‌तास उपाशी पोटात आम्ल साचते, भुकेने कळवळते, डोके हलके होते, आणि त्यातून जी मळमळ येते ती ‘बरे झाले खाल्ले नाही’ याचा पुरावा समजली जाते. घरच्यांचा धीरही असाच. ‘काही होणार नाही ना?’ हा प्रश्न दिवसातून वीसदा विचारला जातो आणि आई वीसदा ‘नाही गं’ म्हणते. उत्तराचा गुण पाच मिनिटे टिकतो. उलटीभयात हवी असते ती शंभर टक्के खात्री, आणि ती या जगात कुणालाच मिळालेली नाही. म्हणून आईचे प्रेम कितीही खरे असले तरी तिचे एकविसावे उत्तर भयालाच खाऊ घालते. हे आयांना दोष देण्यासाठी सांगितलेले नाही. पोरगी घाबरून पांढरी पडली असताना गप्प राहणे अवघड असते. पण ‘मला ठाऊक नाही, आणि झाली तर आपण निस्तरू’ हे उत्तर ‘नाही गं’पेक्षा जास्त मायेचे आहे.

सांभाळून घेण्याची सर्वांत मोठी किंमत लग्नानंतर कळते. मराठी चित्रपटांत सून तोंडावर पदर धरून मोरीकडे धावली की सासूचा चेहरा खुलतो. ओकारी ही तेथे गोड बातमी असते. उलटीभय असलेल्या स्त्रीला तोच प्रसंग आयुष्यातला सर्वांत मोठा धोका वाटतो. काही जणी मूल हवे असूनही वर्षानुवर्षे पुढे ढकलतात, आणि कारण कुणालाही सांगू शकत नाहीत, कारण ते ऐकणाऱ्याला हास्यास्पद वाटेल हे त्यांना माहीत असते. मग ‘राहत नाही’ म्हणून तपासण्या, नवस आणि टोमणे सुरू होतात. गरोदरपणातली मळमळ बहुसंख्य स्त्रियांना होते. गर्भाकडून आईच्या रक्तात येणारे जीडीएफ-१५ हे संप्रेरक तिच्यामागे असल्याचे २०२३ च्या संशोधनाने पुढे आणले आहे, आणि तिच्यावर सुरक्षित औषधे आहेत. तिचे भय बाळगणाऱ्या स्त्रीला ही माहिती आणि उपचार लग्नाआधीच मिळायला हवे होते. ‘गाडी लागते’ या वाक्याने ते मिळू दिले नाहीत.

दुसऱ्या टोकाला धाडसवादी उभे असतात. ‘एकदा मिठाचे पाणी पिऊन ओकून टाक, भीती मोडेल.’ हा सल्ला दोन कारणांनी टाकाऊ आहे. मिठाचे तीव्र पाणी पिणे जिवावर बेतू शकते. रक्तातला सोडियम एकदम वाढून माणसे दगावली आहेत. आणि दुसरे, एकदा उलटी झाल्याने भय जात असते तर ज्यांना मधूनमधून उलटी होते त्यांचे केव्हाच गेले असते. उलट, जॉन गार्सिया यांनी १९५० च्या दशकात उंदरांवर दाखवले की खाण्यानंतर मळमळ झाली तर त्या चवीचा तिटकारा एकाच फेरीत बसतो. श्रीखंड खाऊन एकदा त्रास झालेला माणूस पुढे श्रीखंडाचे नाव काढत नाही, दोष दुसऱ्याच कशाचा असला तरी. शरीर अशा बाबतीत फार लवकर शिकते आणि सावकाश विसरते. आयुर्वेदातले वमन हे वैद्याच्या देखरेखीखालचे पंचकर्म आहे. ते वेगळ्या हेतूने केले जाते, भय घालवण्यासाठी नव्हे.

उपचाराची दिशा या दोन टोकांमधून जाते, मात्र मधला मार्ग म्हणून नव्हे. ती दोघांच्याही विरुद्ध आहे. रुग्णाला ओकायला लावण्याची गरज नसते. गरज असते ती ‘कदाचित होईल’ या शक्यतेबरोबर बसून राहता येण्याची. बोधात्मक वर्तनोपचारात आधी भयाची चढती यादी केली जाते. पहिल्या पायऱ्या क्षुल्लक दिसतात: ‘ओकारी’ हा शब्द मोठ्याने म्हणणे, लिहिणे, आवाजाची ध्वनिफीत ऐकणे, चित्र पाहणे. पुढे ताकात पोहे आणि किसलेले गाजर कालवून त्याची नकली ओकारी करतात आणि मोरीत ओततात. पहिल्या दिवशी हात थरथरतात, चौथ्या दिवशी बहुधा हसू येते. मग शरीरातल्या खुणांची पाळी. जागच्या जागी गरगर फिरून चक्कर आणायची, भरपेट जेवून जिना चढायचा, आणि मळमळ आली तरी पळायचे नाही. प्रत्येक वेळी दोन गोष्टी लिहून ठेवायच्या: काय होईल असे वाटले होते, आणि काय झाले.

कड्यातल्या माणसासाठी शेवटच्या पायऱ्या रस्त्यावरच मांडलेल्या आहेत. नगर–आष्टी रेल्वे २३ सप्टेंबर २०२२ ला सुरू झाली आणि १७ सप्टेंबर २०२५ ला ती बीडपर्यंत पोहोचली. कडा या मार्गावरचे स्थानक आहे. रेल्वेत वळणे कमी, उभे राहता येते, म्हणून सुरुवात तेथून होते: आधी एकच स्थानक, सोबत कुणीतरी, मग एकटे. त्यानंतर आष्टीपर्यंत एसटी, खिडकी सोडून आतली जागा. मग नगर, घरून पोटभर नाश्ता करून. लिंबू, गोळी, पिशवी एकेक करून घरी ठेवायची, आणि ती कोणत्या क्रमाने हे रुग्णाने ठरवायचे. सर्वांत वर बीडच्या वाटेवरचा मांजरसुंब्याचा घाट, जेथे धडधाकट माणसाच्या पोटातही कालवाकालव होते. तेथे उलटी झालीच तर तीही पायरी मोजली जाते, चुकलेली नव्हे.

विचारांची बाजू सोबत चालते. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठी वाचकांपर्यंत प्रा. कि. मो. फडके यांनी आणली. तिच्या भाषेत सांगायचे तर ‘उलटी नकोशी आहे’ हे विधान खरे आहे आणि ते सोडायचे कारण नाही. ‘उलटी भयंकर आहे, मी ती सहनच करू शकणार नाही’ हे त्यावर चढवलेले कलम आहे. कलम तोडायचे, झाड राहू द्यायचे. काही जणांत लहानपणीची एखादी घटना, वर्गात सर्वांसमोर झालेली उलटी आणि त्यानंतरचे हसू, अजून ताजी असते. तेव्हा त्या आठवणीवर वेगळे काम करावे लागते, कारण तेथे भयापेक्षा शरम मोठी असते.

याचा गुण किती येतो, याबाबत बढाई नको. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या एका चाचणीत अवघे २४ रुग्ण होते. बारा सत्रांच्या बोधात्मक वर्तनोपचारानंतर निम्म्यांत ठोस सुधारणा दिसली. नुसत्या प्रतीक्षायादीत असलेल्यांत ती सहातल्या एकात दिसली. चाचणी छोटी आहे आणि निम्मे हा आकडा शंभर टक्के नव्हे. ‘तीन दिवसांत भीती गायब’ अशी जाहिरात करणाऱ्या संमोहनवाल्यांनी तो भिंतीवर लावावा. पण वीस-वीस वर्षे जुन्या भयात बारा बैठकांनी निम्म्यांचे जगणे सुटणे ही लहान गोष्ट नाही, आणि लिंबाने ती कधी केलेली नाही. चिंता किंवा नैराश्य सोबत असेल तर मानसोपचारतज्ज्ञ औषधे देतात. नुसत्या उलटीभयावर औषधांचा पुरावा तोकडा आहे.

उपचाराआधी एक गाळणी लावावी लागते. उलटीत रक्त, गिळताना अडकणे, रोज सकाळी डोकेदुखीसह उलटी, पोटात सतत दुखणे, ही लक्षणे असतील तर आधी डॉक्टर. वजन झपाट्याने उतरत असेल तर कारण भय असो वा नसो, तपासणी टाळू नये. खाणे कमी झालेल्या मुलीला बारीक व्हायचे आहे, असा समजही अनेकदा चुकीचा ठरतो. तिला खायचे असते, ओकायचे नसते.

मानसोपचार विभाग असलेले जिल्ह्यातले वैद्यकीय महाविद्यालय अंबाजोगाईला, म्हणजे कड्यापासून जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. प्रवासाचेच भय असलेल्या माणसाला उपचारासाठी सर्वांत लांबचा प्रवास सांगणे ही व्यवस्थेची जुनी खोड. त्यापेक्षा सुरुवात फोनवर होऊ शकते. १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेल्या टेली-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ असून तेथे मराठीत बोलता येते. तेथे ‘गाडी लागते’ असे सांगू नये. ‘उलटीची भीती वाटते, म्हणून मी गाडीत बसत नाही’ असे सांगावे. निम्मे निदान त्या वाक्यात होते.

बरे झालेल्यांतही भय परतते, बहुधा पावसाळ्यात, घरात कुणाला तरी जुलाब-उलट्या झाल्यावर. तेव्हा करायच्या गोष्टी ठरलेल्या असतात. आजाऱ्याच्या उशाशी बसायचे, जलसंजीवनी पाजायची, हात एकदाच साबणाने धुवायचे, दुसऱ्यांदा नाही. स्वतःला उलटी झाली तर चूळ भरून, पाणी पिऊन, भूक लागेल तेव्हा नेहमीचे जेवायचे. आणि त्या आठवड्यात नगरला जायचे ठरले असेल तर ते रद्द करायचे नाही.